वर्धेच्या दोन्ही तीरांवरचा संत्रा

गुरुवार : नागपूर

सकाळी गाडीतून उतरलो आणि स्टेशनच्या पूर्वेकडच्या दारानं बाहेर पडलो. या बाजूला अजूनही संत्रा मार्केटच म्हणतात. मोठा घाऊक बाजार आता कळमन्याला भरतो, पण हिवाळ्याच्या सकाळी सालीचा तो नाकाला झोंबणारा वास इथेही येतोच. अमरावतीचा मित्र त्याची गाडी घेऊन आला होता. तर्री पोहे खाता खाता बेत पक्का केला: नागपूर, काटोल, नरखेड, मोवाड, मग वर्धा नदी ओलांडून वरूड, शेंदूरजना घाट आणि मोर्शी. पुण्या-मुंबईच्या बाजारात ‘नागपुरी’ म्हणून आपण जो संत्रा घेतो तो बराचसा याच पट्ट्यात पिकतो. तो कुणी आणि कशाच्या जोरावर पिकवला, हे मला जागेवर जाऊन बघायचं होतं.

हे झाड मूळचं इथलं नाही. दुसरे रघूजी भोसले यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस तेव्हाच्या औरंगाबादहून संत्र्याची रोपं नागपूरला आणवली असं सांगतात, छापीलही सापडतं. राजेलोकांच्या बागांत ते रुजलं. पण राजाच्या बागेतल्या चार झाडांनी गावंच्या गावं पोसली जात नाहीत. त्यासाठी कुणीतरी स्वतःच्या वावरात विहीर खणावी लागते, कापूस-ज्वारीची जमीन अडकवून पाच वर्षं वाट बघावी लागते, आणि पिकलेलं फळ सडायच्या आत दूरच्या बाजारात पोचवावं लागतं. 1867 मध्ये जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वे मुंबईहून नागपूरला पोचली आणि यातली शेवटची अडचण सुटायला लागली. पुढे काटोल, नरखेड, पांढुर्णा करत इटारसीला जाणारी लाईन झाली, तेव्हा दिल्लीचा बाजारही आवाक्यात आला. संत्र्याच्या इतिहासात भोसल्यांचं नाव पहिलं येतं, आणि ते यायलाच हवं. पण ज्या शेतकऱ्यांनी हे फळ खरोखर उभं केलं त्यांची नावं कुठल्याच पानावर नाहीत, ही गोष्ट मला या सगळ्या प्रवासात टोचत राहिली.

दुपारी अमरावती रोडवरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत गेलो. 1985 मध्ये राष्ट्रीय संशोधन केंद्र म्हणून हिची सुरुवात झाली. तिथल्या एका शास्त्रज्ञांनी आम्हाला मनापासून वेळ दिला. आधी त्यांनी मातीच दाखवली. विदर्भाची काळी, चिकण, चुनखडीची जमीन ओलावा धरून ठेवते, म्हणून कापसाला ती मानवते. संत्र्याची तंतुमुळं मात्र वरच्या फूट-दीड फुटातच असतात आणि त्यांना हवा लागते. पाणी साचलं की फायटोप्थोरा बुरशी मुळं आणि बुंधा कुजवते, सालीतून डिंक गळायला लागतो. शेतकरी याला डिंक्या म्हणतात. मोरचूद-चुन्याची बोर्डो पेस्ट लावलेले ते पांढुरके-निळसर बुंधे आपण येता-जाता बघतो, ते याच्याच धाकानं रंगवलेले असतात.

संत्र्यावर प्रक्रिया का होत नाही, हा प्रश्न मी विचारलाच. नागपूरकडच्या प्रत्येक निवडणुकीत तो येतो. ते म्हणाले, प्रक्रिया अजिबात होत नाही असं नाही. नागपूर ऑरेंज ग्रोअर्स असोसिएशनच्या आद्याक्षरांतून झालेला ‘नोगा’ हा ब्रँड घराघरांत माहीत आहे, आणि आता तो महाराष्ट्र कृषी उद्योग विकास महामंडळाकडे आहे. नागपूरच्या मिहान प्रकल्पातल्या पतंजलीच्या कारखान्याची पायाभरणी 2016 मध्ये झाली आणि उद्घाटन 2025 च्या मार्चमध्ये. पण फळाचा स्वभावही समजून घ्यावा लागतो. हा संत्रा हातानं सोलून खायचा. त्याचा रस काढून ठेवला की थोड्या वेळानं त्याला कडवटपणा येतो, कारण रसात लिमोनीन हे कडू द्रव्य तयार होतं. शिवाय फोडीफोडीत बिया. म्हणून संस्थेनं कमी बियांचं ‘नागपूर सीडलेस’ हे वाण काढलं. परदेशात रसाचे मोठमोठे कारखाने उभे राहिले ते दुसऱ्या जातीच्या, घट्ट सालीच्या फळावर. त्यामुळे तिकडं जमतं मग इकडं का नाही, असा सवाल करणाऱ्यानं हा फरक आधी ध्यानात घ्यावा.

शुक्रवार : कळमना, काटोल

पहाटे कळमन्याच्या बाजार समितीत पोचलो. थंडी चांगलीच होती. पिकअप आणि ट्रॅक्टर रांगेनं लागलेले, खाली ओतलेल्या संत्र्यांच्या ढेऱ्या, आणि एकेका ढेरीभोवती आठ-दहा माणसांचं कडं. अडत्या बोली पुकारतो. व्यापारी खाली वाकून ढेरीच्या पोटात हात घालतो, आतलं फळ वर काढतो, अंगठ्यानं दाबून बघतो. वरचं फळ मोठं असणारच, आत काय आहे त्यावर भाव ठरतो. इथे भाव टनावर बोलतात. पूर्वी हजार फळांवर बोलायचे, आणि बगीच्यात जुनी माणसं आजही हजाराच्याच हिशेबात बोलतात.

एक ढेरी लहान फळांची होती. लिंबापेक्षा थोडं मोठं, पिवळं पडलेलं फळ. याला इथं चुरी म्हणतात. ढेरीमागं उभा असलेला काटोलकडचा शेतकरी बोली चालू असताना जमिनीकडे बघत होता. बोली दोन मिनिटांत संपली. त्यानं आकडा सांगितला आणि पुढे एवढंच म्हणाला, “तोडणीची मजुरी अन् गाडीभाडं निंगालं जी. बाकीचं झाडाकडं राह्यलं.” त्याला पुढं काही विचारायचा धीर मला झाला नाही.

चुरी का होते? झाडावर बेसुमार फळ ठेवलं, खत-पाणी कमी पडलं, की फळ लहान राहतं. मग काही फळं आधीच का काढून टाकत नाहीत, असं शहरातला माणूस सहज विचारतो. ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे त्याला झाडावरची फळं स्वतःच्या हातानं तोडून टाकणं किती जड जातं, हे त्या ढेरीपाशी उभं राहिल्यावर कळतं.

नऊच्या सुमारास काटोलची वाट धरली. तासा-दीड तासाचा रस्ता. काटोल गाव जाम नदीच्या काठी आहे. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचं प्रादेशिक फळ संशोधन केंद्र इथे आहे, आणि संत्र्याबरोबर मोसंबीही या भागात बरीच आहे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बगीचे सुरू झाले, पण मधेच एखादं मोकळं वावर दिसायचं, आणि धुऱ्यावर संत्र्याच्या वाळक्या खोडांचा ढीग. 2019 च्या उन्हाळ्यात काटोल-नरखेडकडं पाणी संपलं आणि उभे बगीचे वाळले. टँकरनं पाणी आणून काहींनी झाडं जगवली, अनेकांना ते झेपलं नाही. चौकातल्या एका टपरीवर चहा घेताना मालक सांगत होता, बारा वर्षांची झाडं होती, जेसीबी लावून काढली. आता तिथे सोयाबीन आहे.

मुक्काम काटोललाच केला.

शनिवार : नरखेड, मोवाड, वरूड

नरखेडला फार थांबलो नाही. मोवाडला मात्र थांबलो.

मोवाड वर्धेच्या अगदी काठावर. 30 जुलै 1991 च्या पहाटे नदीला महापूर आला आणि गाव वाहून गेलं. दोनशेहून अधिक माणसं गेली. नंतर गावाचं पुनर्वसन झालं. पुलाच्या अलीकडे एक आजी पेरू आणि संत्री घेऊन बसल्या होत्या. त्यांच्याकडून डझनभर संत्री घेतली. पुराचं मी विचारलं नाही, त्याच म्हणाल्या, “नदी भरते तवा अशी भरते, अन् आता पाहा.” खाली पात्रात वाळू, दगड आणि मधून एक बारीक धार होती.

हा पूल ओलांडताना मनात वेगळाच हिशेब चालू होता. 17 डिसेंबर 1803 रोजी देवगावचा तह झाला आणि भोसल्यांना वर्धेच्या पश्चिमेकडचा वऱ्हाड सोडावा लागला. तो निजामाकडे गेला. म्हणजे भोसल्यांचा संत्रा ज्या काळात नागपुरात रुजत होता, त्याच काळात ही नदी दोन राज्यांची सीमा झाली. पुढे 1853 मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आला, 1903 मध्ये मध्य प्रांताला जोडला गेला. आणि संत्रा? तो नदी ओलांडून गेलाच. अलीकडच्या काठावरच्या सोयऱ्यानं पलीकडच्याला कलमं दिली असतील, बाजारात भेटलेल्या कुणी विहीर किती खोल लागते ते सांगितलं असेल. आज संत्र्याचं सर्वाधिक क्षेत्र अमरावती जिल्ह्यात आहे. नाव नागपूरचं आणि पसारा वऱ्हाडाचा, अशी ही वाटणी. 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेही ‘नागपूर संत्रा’ याच नावानं. वरूडकरांना याचं थोडं वाईट वाटतं. ते बोलून दाखवतात, आणि त्यांचं म्हणणं मला पटतं.

वरूडला ‘विदर्भाचा कॅलिफोर्निया’ म्हणायची पद्धत आहे. उत्तरेला सातपुड्याची रांग दिसते, तिथून उतरणाऱ्या नद्या-नाल्यांची गाळाची जमीन, गावातून वाहणारी चुडामण नदी, आणि जिकडे नजर टाकावी तिकडे गडद हिरवे, गोल माथ्याचे बगीचे. मित्राच्या ओळखीचे एक काका आमची वाट बघत होते. वय सत्तरीपुढचं, डोक्याला पांढरा दुपट्टा. घरी आधी भाकर, वांग्याची भाजी आणि राजुरा बाजारच्या मिरचीचा ठेचा जेवायला घातला, मगच बगीच्यात नेलं.

आत शिरल्यावर पहिल्यांदा दिसले ते बांबू. मृग बहाराची, म्हणजे मृगाच्या पावसावर फुललेली झाडं फळांनी लगडलेली, फळ अजून हिरवं. ज्या फांद्या फळांच्या वजनानं खाली आल्या होत्या त्यांच्याखाली बांबू उभे केलेले, वरच्या टोकाला बेचकं, त्यात फांदी अडकवलेली. एका झाडाला मी सहा बांबू मोजले. काका म्हणाले, “बांबू नाई लावला तं फांदी चिरते. एक फांदी गेली म्हंजे पाच वर्साची मेहनत गेली.” बांबू परतवाड्याकडून आणतात, दोन-तीन हंगाम चालवतात. लावायला माणूस अनुभवी लागतो. जास्त रेटला तर देठ तुटतात, कमी रेटला तर उपयोग नाही.

पलीकडच्या तुकड्यात आंबिया बहाराचा शेवटचा तोडा चालू होता. दोन पोरं शिडीवर, खाली बाया निवडायला. फळ ओढून तोडायचं नाही. देठाशी थोडं पिळून, किंवा कात्रीनं देठ राखून काढायचं. ओढलं की देठापाशी साल फाटते आणि दिल्ली येईपर्यंत ते एक फळ सगळं कॅरेट नासवतं. निवडणाऱ्या बाईचे हात इतके भराभर चालत होते की डोळ्यांनी पकडता येईना. डाव्या हातानं उचल, उजव्यात फिरव, डाग बघ, तीनपैकी एका कॅरेटमध्ये टाक. सालीतल्या तेलानं तिच्या बोटांच्या पेरांना पिवळट तुकतुकी आली होती.

काकांनी बहाराची गोष्ट सांगितली ती इथे सविस्तर लिहितो, कारण ती कळल्याशिवाय हा धंदा कळत नाही. संत्र्याला आपोआप बेताबेतानं वर्षभर फूल येऊ शकतं, पण तसं आलेलं फळ बाजाराच्या कामाचं नसतं. म्हणून झाडाला ताण देतात. डिसेंबरात पाणी तोडायचं. हलक्या जमिनीत महिनाभर, भारी जमिनीत दोन महिन्यांपर्यंत झाड तहानेलं ठेवायचं. पानं मलूल होतात, पिवळी पडतात, काही गळतात. झाड वाढ थांबवून आत शक्ती साठवतं. मग जानेवारीच्या मध्यावर-अखेरीस खत घालून पाणी सोडायचं, आधी हलकं, मग पुरतं. दोन-तीन आठवड्यांत झाड पांढऱ्या फुलांनी भरून येतं. हा आंबिया, आंब्याच्या मोहोराबरोबरचा. त्याचं फळ ऑक्टोबर ते डिसेंबर. मृगाचा ताण उन्हाळ्यात, मृगाच्या पावसानं तो तुटतो, फळ फेब्रुवारी ते एप्रिल. मृगाचं फळ गोडीला आणि टिकायला सरस, भावही बरा. पण तो साधायचा तर उन्हाळ्यात ताण आणि जूनमध्ये वेळेवर पाऊस, दोन्ही जमावं लागतं.

“ताण देनं सोपं हाय,” काका म्हणाले, “ताण तोडाले पानी पाह्यजे. पानी नसलं तं ताण नाई होत, मरन होते.”

इथे मला या सगळ्या इतिहासाची मेख सापडली. संत्र्याचं शास्त्र पाणी कधी तोडायचं आणि कधी द्यायचं यावर उभं आहे, म्हणजे पाणी स्वतःच्या हातात असणं ही पहिली अट. काकांच्या आजोबांनी विहीर खणली तेव्हा चाळीस फुटांवर झरे लागले. बैलांची मोट चालायची, दांडानं पाणी फिरायचं. मग इंजिन आलं, वीज आली, विहिरीत आडवे बोअर मारले, मग उभे बोअर आले. आता त्यांच्या शेताच्या शेजारी आठशे फुटांवर बोअर गेलंय आणि त्यातूनही तास-दीड तास पाणी येतं. वरूड आणि मोर्शी हे तालुके भूजलाच्या अतिउपशासाठी सरकारी नकाशांवर लाल झालेले आहेत. एकेका शेतकऱ्याला दोष देता येत नाही. ज्याची झाडं डोळ्यांसमोर वाळताहेत तो खोल जाणारच. पण सगळ्यांनी मिळून जमिनीच्या पोटातून जे काढलं, ते परत भरायची सोय कुणी वेळेवर केली नाही. हिवरेबाजारचं नाव इथल्या तोंडीही आहे. नाला खोलीकरण, विहीर पुनर्भरण, ठिबक ही कामं आता होऊ लागली आहेत. ती आणखी वीस वर्षं आधी व्हायला हवी होती.

काकांचं दुमजली घर, दोन मुलींची लग्नं, मुलाचं अमरावतीतलं शिक्षण, सगळं या बगीच्यावर झालं. असं सांगणारी घरं वरूडमध्ये गल्लोगल्ली आहेत. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चच्या गारपिटीत एका संध्याकाळी त्यांची सगळी फळं खाली पडली होती. ते सांगताना त्यांचा आवाज बदलला नाही, पण काकू उठून आत गेल्या.

रविवार : शेंदूरजना घाट

वरूडहून उत्तरेला डोंगराच्या पायथ्याशी शेंदूरजना घाट. विदर्भात आणि शेजारच्या मध्य प्रदेशात सौंसर-पांढुर्ण्यापर्यंत जे बगीचे आहेत त्यांची कलमं बहुतेक या गावाच्या रोपवाटिकांतून गेलेली. आधी गल्ल्या, मग एकदम वाफेच वाफे. कलमं बांधायचा हंगाम चालू होता.

एका वाफ्यापाशी उकिडवा बसून कलमं बांधणाऱ्या दादांकडे मी बराच वेळ बघत राहिलो. समोर जंबेरीचे खुंट, म्हणजे ज्यावर संत्र्याचा डोळा बांधायचा ती रोपं, पेन्सिलीएवढ्या जाडीचे, वर्ष-सव्वा वर्षाचे. जंबेरीचं फळ आंबट, खडबडीत, खायच्या कामाचं नाही, पण मूळ दणकट. दादांनी खुंट डाव्या हातात धरला, पुसला, चाकूनं सालीवर आडवी एक रेघ आणि तिच्या मधून खाली उभी रेघ ओढली. चाकूच्या मागच्या बोथट टोकानं साल दोन्ही बाजूंना अलगद उचकटली. आत ओलसर, हिरवट पांढरं लाकूड दिसलं. मग तोंडात धरलेल्या संत्र्याच्या काडीवरून एक डोळा सालीसकट ढालीच्या आकारात काढला, वरून खाली सरकवून फटीत बसवला आणि प्लास्टिकच्या पट्टीनं डोळा उघडा ठेवून घट्ट गुंडाळला. हे लिहायला मला जेवढा वेळ लागला त्याच्या निम्म्यात ते झालं. पंधरा-वीस दिवसांनी डोळा हिरवा राहिला तर कलम जगलं. मग वरचा जंबेरीचा शेंडा छाटतात आणि पुढचं झाड त्या एका डोळ्यातून येतं.

“हात शिकला कुठं?” मी विचारलं.

“बापाच्या बाजूले बसून. त्याईनं त्याईच्या बापाच्या.” मग हसून म्हणाले, “पयल्या वर्सी निम्मे मेले माह्ये.”

ही कारागिरी आहे. या जिल्ह्यातल्या प्रत्येक झाडावर अशा एखाद्या माणसाचा हात फिरलेला आहे, आणि त्याची मजुरी नगावर मिळते. या लोकांची आठवण संत्रा महोत्सवांच्या व्यासपीठावर निघाल्याचं मी ऐकलेलं नाही. 2017 च्या डिसेंबरात नागपुरात जागतिक संत्रा महोत्सव झाला तेव्हा शहर दिव्यांनी सजलं होतं. तसं सजावंच, पण डोळा बांधणाऱ्यांना तिथे मानाची खुर्ची असायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

रोपवाटिकांबद्दल शास्त्रज्ञांची तक्रार होती ती इथे डोळ्यांनी बघता आली. जुन्या बगीच्याच्याच मातीत वर्षानुवर्षं रोपं वाढवली की डिंक्याची बुरशी रोपाबरोबरच नव्या वावरात जाते. शिवाय डोळा जमिनीच्या फार जवळ बांधला तर पावसाळ्यात चिखल जोडापर्यंत उडतो आणि संत्र्याची नाजूक साल कुजते. डोळा नऊ इंच ते फूटभर उंचीवर हवा. एका तरुण रोपवाटिकावाल्यानं शेडनेट उभारलं आहे. निर्जंतुक केलेली माती, पिशवीतली रोपं, रंगपूर लाईमचाही खुंट, कारण तो पाण्याचा ताण जास्त सोसतो. त्याचं रोप महाग पडतं. गिऱ्हाईक आधी भाव विचारतं आणि शेजारच्या वाफ्याकडे जातं. “तरी दरवर्षी दहा जण जास्त येतात,” तो म्हणाला. त्याच्या या धीराचं मला फार कौतुक वाटलं.

परतताना बेनोड्यावरून आलो. 1942 च्या ऑगस्टमध्ये इथे गोळीबारात माणसं पडली, म्हणून गावाच्या नावामागे ‘शहीद’ लागतं. स्मारकापाशी पाच मिनिटं थांबलो.

सोमवार : वरूड, सिंभोरा, अमरावती

सकाळी एका ग्रेडिंग-पॅकिंग केंद्रावर गेलो. फळं धुऊन, मेणाचा पातळ हात देऊन, वाळवून, आकाराप्रमाणे वेगळी होऊन कॅरेटमध्ये पडत होती. इथे बाजाराची दुसरी बाजू कळली. बगीचा बहुधा झाडावरच विकला जातो. व्यापारी येतो, झाडाखाली फिरतो, अंदाजानं सौदा करतो, इसार देतो. भाव चढले तर तोडा वेळेवर होतो. पडले तर व्यापारी इसार सोडून देतो आणि पिकलेला बगीचा शेतकऱ्याच्या गळ्यात राहतो. लेखी करार असला तर असला.

आणि भाव पडायचं मोठं कारण गेल्या काही वर्षांत बांगलादेश झालं आहे. आंबियाच्या मालाला तिथे मोठं गिऱ्हाईक होतं. वरूडहून निघालेले ट्रक बंगालमधल्या पेट्रापोलच्या नाक्यावरून पलीकडे जायचे. 2019 पासून त्या देशानं आयात शुल्क वाढवत नेलं. किलोमागे 20 टका होतं ते 2023 मध्ये 88 टकांवर गेलं. माल देशातच अडला, सगळा एकाच वेळी दिल्ली-कोलकात्याच्या बाजारात आला आणि बगीच्यातला भाव कोसळला. एका परक्या राजधानीत निघालेल्या आदेशानं इथल्या गावातलं एखादं लग्न पुढे ढकललं जातं. देशातल्या देशात आणि इतर देशांत नवं गिऱ्हाईक शोधणं हे काम सरकारचं आहे, शेतकऱ्याचं नाही. त्यानं झाड सांभाळायचं का परराष्ट्र धोरण?

अमरावती-नरखेड मार्गावरच्या स्टेशनाचं नाव ‘वरूड ऑरेंज सिटी’ आहे. ऑक्टोबर 2020 मध्ये नागपूर आणि इथून दिल्लीच्या आदर्शनगरसाठी किसान रेल्वे निघाली होती. केंद्रावरची मंडळी ती आठवण आनंदानं काढतात: भाडं कमी, वेळ कमी, फळाला हादरे कमी. आता पुन्हा ट्रकच.

दुपारी मोर्शीजवळ सिंभोऱ्याला अप्पर वर्धा धरण पाहिलं. पसरलेलं निळं पाणी. धरण वरूडच्या खाली आहे, त्यामुळे हे पाणी खालच्या बाजूला जातं, अमरावती शहराच्या नळांना जातं. वरच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी, ज्यांच्या शिवारातून हे पाणी वाहून येतं ते आठशे फूट खाली पाणी शोधताहेत.

मोर्शीच्या अलीकडे रस्त्यालगत एक नवी लागवड दिसली म्हणून उतरलो. पंचविशी-तिशीतला मुलगा होता, कृषी पदविका झालेला. नागपूरच्या इंडो-इस्राईल केंद्रात बघून आला आणि त्यानं गादीवाफ्यावर कलमं लावली. दीड-दोन फूट उंच वाफे, त्यावर ठिबकच्या दुहेरी नळ्या, दोन वाफ्यांच्या मधून पावसाचं पाणी निघून जायला चर. सहा बाय सहा मीटरच्या जुन्या पद्धतीत हेक्टरी 277 झाडं बसतात, यानं झाडं जवळ घेतली आहेत. चराच्या शेवटी शेततळं, आणि त्याच्या ओव्हरफ्लोचा पाईप गाळणीतून जुन्या विहिरीत सोडलेला. विहिरीत वाकून पाहिलं तर डिसेंबरातही तळाशी पाणी होतं. आधी दिवाळीलाच ती कोरडी व्हायची, असं त्यानं सांगितलं. घरचे अजून धास्तावलेले आहेत. वडील म्हणतात कापूस बरा, वर्षाला पैसा हातात येतो. फळ धरायला अजून तीन वर्षं आहेत.

“तोवर मधात काय?”

“तूर हाय, मिरची हाय. दूध हाय घरचं. निंगतात वर्सं.”

रात्री अमरावतीहून परतीची गाडी धरली. कुणाला जायचं असेल तर फेब्रुवारीत जा. तेव्हा आंबियाचं फूल असतं आणि मृगाचा तोडाही सुरू होतो, एकाच शिवारात फूल आणि फळ दोन्ही बघायला मिळतात. मृगाचा संत्रा घेताना साल फार चकचकीत बघू नका. साल सैल, हाताला फळ जड लागलं की ते रसाळ. आणि जमलं तर चार-पाच घरांनी मिळून थेट बगीच्यातून मागवा. वरूड-मोर्शीकडची तरुण मुलं आता फोनवर मागणी घेऊन पेट्या पाठवतात. आमच्या सोसायटीनं मार्चसाठी दहा पेट्या काकांकडे सांगून ठेवल्या आहेत, निम्मे पैसे आगाऊ देऊन.